भिंतीवरच्या सोनेरी अक्षरांविषयी पंचमंडळास खुले पत्र

मा. पाळकसाहेब, पंचमंडळाचे सर्व सभासद आणि मंडळीतील बंधुभगिनींनो,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने आपणा सर्वांना सलाम.

गेल्या महिन्यात एका रविवारी उपासनेनंतर सूचना वाचताना सेक्रेटरीसाहेबांनी जाहीर केले की, आपल्या चर्चमध्ये वेदीकडे जाताना उजव्या हाताला जी भिंत लागते तिच्यावर काळ्या ग्रॅनाइटची एक ‘गौरवशिळा’ बसवण्याचे पंचमंडळाने ठरवले आहे. शिक्षणात, नोकरीत, उद्योगात किंवा परदेशात ज्यांनी नाव कमावले अशा मंडळीजनांची नावे, त्यांचे हुद्दे, आणि छताच्या दुरुस्तीसाठी त्यांनी दिलेल्या देणग्यांचे आकडे तिच्यावर सोनेरी अक्षरांत कोरले जातील. शिळेवर येण्यासाठी किमान देणगी २५,००० रुपये राहील. आणि तिचे अनावरण येत्या हंगामाच्या उपकारस्तुतीच्या, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याच्या, रविवारी होईल. ही सूचना संपल्यावर टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, कारण शेजारी वाजवत होते. घरी जाईपर्यंत मात्र मला त्या टाळ्यांची लाज वाटू लागली, आणि ती अजून गेलेली नाही.

मी प्रथम सेक्रेटरीसाहेबांना त्यांच्या घरी जाऊन भेटलो. त्यांनी चहा पाजला, सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले की, विषय मीटिंगमध्ये मंजूर झाला आहे व दगडाची ऑर्डरही गेली आहे. दगडाची ऑर्डर गेली असली तरी अक्षरे अजून कोरली गेलेली नाहीत, एवढ्याच भरवशावर हे पत्र लिहीत आहे. ते खुले ठेवले आहे, कारण ज्या भिंतीविषयी ते आहे ती पंचमंडळाची नसून सगळ्या मंडळीची आहे.

माझ्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये म्हणून सुरुवातीलाच सांगतो की, कोणाच्या यशाचे मला वावडे नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे आजे-पणजे नगर, जालना आणि नाशिक जिल्ह्यांतल्या खेड्यांतून या शहरात आले. त्यांच्यातल्या पुष्कळांना गावच्या विहिरीवर पाणी भरण्याची मुभा नव्हती, शाळेत ओट्याखाली बसावे लागे, आणि नावापुढे कोणी आदराने ‘राव’ लावलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता. अशा घरातली नात आज इस्पितळात मेट्रन होते, नातू ओझरला विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर होतो, तेव्हा त्या घराला आपले नाव कुठेतरी ठळक अक्षरांत दिसावे असे वाटले, तर त्यात गर्व आहे असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचे नाव सरकारी दप्तरातही धड लिहिले गेले नाही, त्यांना नावाची भूक असतेच, आणि ती भूक मी माझ्या स्वतःच्या वडिलांमध्ये पाहिली आहे. वडील शिपाई होते; मला नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी दाराबाहेर माझ्या नावाची पत्र्याची पाटी लावली, आणि पेंटरने नावात एक वेलांटी चुकवली होती तरी ती बदलू दिली नाही. म्हणून शिळेच्या बाजूने जो सर्वांत वजनदार मुद्दा आहे, म्हणजे ‘आपल्या मुलांना समोर आदर्श दिसले पाहिजेत’, तो मी हलक्यात काढत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. जे यश आपण त्या दगडावर कोरणार आहोत ते ग्रॅनाइटवर टिकण्याच्या जातीचे नाही, आणि ज्या एका घरात माणसाचे मोल यशावरून केले जात नाही असे आपण जगाला सांगतो, त्याच घराच्या भिंतीवर आपण मोजपट्टी ठोकत आहोत.

आयुष्यातली ३१ वर्षे मी नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये काढली. ज्या कागदासाठी माणसे भावाला कोर्टात खेचतात, तो कागद दिवसभर आमच्या हाताखालून जात असे, आणि संध्याकाळी झडती देऊन आम्ही बाहेर पडत असू तेव्हा खिशात बसच्या भाड्यापुरते सुट्टे असत. तिथे एक गोष्ट मी अशी शिकलो की ती मला कोणत्याही प्रवचनाने शिकवली नसती. छपाई चुकली, शाई पुसटली, क्रमांक सरकला, की तो ताव बाद होतो. बाद ताव आणि चांगला ताव यांच्या कागदाची किंमत जवळजवळ सारखीच असते. नोटेचे मोल कागदात नसतेच, ते तिच्यावर सही करून ‘मी धारकाला अदा करीन’ असे वचन देणाऱ्याच्या शब्दात असते. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून ५०० व १००० च्या जुन्या नोटा चलनातून गेल्या. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या एका विधवा म्हातारीने तांदळाच्या डब्यातून ५०० च्या सात नोटा काढून माझ्यापुढे धरल्या आणि विचारले, ‘तू तर छापणारा ना रे बाबा, मग सांग, यांना काय झालं?’ नोटांना काहीच झाले नव्हते. कागद तोच होता, शाई तीच होती, गांधीजींचे चित्र तसेच होते. मागचा शब्द तेवढा काढून घेतला गेला होता. तिच्या नोटा पुढे बँकेत बदलून मिळाल्या, त्यासाठी ती दोन दिवस रांगेत उभी राहिली. पण त्या सकाळचा तिचा चेहरा आठवला की मला जगातल्या यशाचा स्वभाव कळतो. हुद्दा, पगार, बंगला, सत्कार यांचे सगळे मोल दुसऱ्या कोणाच्या तरी शब्दावर उभे असते: मालकाच्या, बाजाराच्या, मतदारांच्या, शेजाऱ्यांच्या नजरेच्या. तो शब्द देणारे स्वतःच आज आहेत आणि उद्या नाहीत.

उपदेशकाच्या पुस्तकात जो शब्द पुन्हा पुन्हा येतो त्याचे आपल्या मराठी पवित्र शास्त्रात ‘व्यर्थ’ असे भाषांतर केले आहे, आणि ते चुकीचे आहे असे नाही. पण ‘व्यर्थ’ म्हटले की आपल्याला फुकट गेलेले, कुचकामी असे काहीतरी वाटते. मूळ हिब्रू शब्द ‘हेवेल’ असा आहे आणि त्याचा साधा अर्थ श्वास किंवा वाफ असा होतो. आदामाच्या दुसऱ्या मुलाचे, हाबेलाचे, नावही मूळ हिब्रूत याच अक्षरांचे आहे. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात तो येतो आणि त्याच अध्यायात शेतात मारला जातो. जानेवारीत निफाडकडच्या मळ्यांत पहाटे उभे राहिले तर तोंडातून निघालेली वाफ क्षणभर दिसते, तिला आकार असतो, ऊबही असते, आणि बघता बघता ती विरते. वाफ खोटी नसते. तिच्यात पाप नसते. फक्त ती मुठीत धरता येत नाही. याकोबानेही आपल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात, ‘उद्या अमक्या नगरात जाऊ, वर्षभर राहू, व्यापार करू, पैसा मिळवू’ असे बेत करणाऱ्यांना हेच सांगितले आहे की, तुमचे आयुष्य थोडा वेळ दिसणारी आणि मग नाहीशी होणारी वाफ आहे. पंचमंडळाला मी आदराने विचारतो की, वाफ दगडावर कोरायची कशी?

आता कोणी म्हणेल की, शास्त्रात दगड उभे केल्याच्या गोष्टी आहेत. आहेत, आणि त्या एकमेकींशेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. शौल राजाने अमालेकांवर विजय मिळवल्यावर कर्मेल येथे स्वतःचे स्मारक उभारले. हे ज्या अध्यायात सांगितले आहे त्याच अध्यायात शमुवेल संदेष्टा त्याला सांगतो की देवाने तुझे राज्य काढून घेतले आहे. दावीद राजाचा मुलगा अबशालोम याने जिवंतपणीच राजाच्या खोऱ्यात आपल्या नावाचा स्तंभ उभा केला, कारण नाव चालवायला त्याला मुलगा नव्हता. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा लेखक या स्तंभाची हकिकत केव्हा सांगतो ते पाहा. आदल्याच ओळीत अबशालोमाचे प्रेत रानातल्या एका खड्ड्यात टाकून त्यावर धोंड्यांची रास रचलेली आहे. एकाच माणसाच्या नावाने दोन दगडी खुणा राहिल्या, एक त्याने स्वतः उभारलेली आणि एक इतरांनी त्याच्यावर रचलेली. याउलट शमुवेल संदेष्ट्याने मिस्पा आणि शेन यांच्या मध्ये जो धोंडा उभा केला त्याला त्याने ‘एबन-एजर’ म्हटले, म्हणजे साहाय्याचा धोंडा, आणि सांगितले की येथवर परमेश्वराने आपल्याला साहाय्य केले. शत्रूचा पाठलाग लोकांनी केला होता, पण त्या धोंड्याला एकाही शूराचे नाव दिले गेले नाही.

नावांच्या याद्याही शास्त्रात आहेत, आणि त्या मी लपवून ठेवत नाही. नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात यरुशलेमेचा कोट कोणी कोठून कोठपर्यंत बांधला याची लांबलचक यादी आहे. आपल्यातले बरेच जण वाचताना तो अध्याय ओलांडून जातात, मीही पुष्कळदा गेलो आहे. पण ती यादी पंचमंडळाने नमुना म्हणून घेतली तर माझे काम अर्धे सोपे होईल. तिच्यात सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये तयार करणारे आहेत, शल्लूमाच्या मुली आहेत. कोणी किती पैसे दिले हे तिच्यात नाही, कोणी कोणता भाग दुरुस्त केला एवढेच आहे. आणि प्रतिष्ठितांचा उल्लेख एके ठिकाणी येतो तो असा की, तकोवकरांनी काम केले, पण त्यांच्यातल्या सरदारांनी कामाला मान लावली नाही.

हे सगळे शास्त्राधार मी आज मांडतो आहे, पण बारा-तेरा वर्षांपूर्वी मी स्वतः पंच होतो आणि तेव्हा मला यातले काहीच आठवले नव्हते. त्या वर्षी वर्धापनदिनाला आम्ही मंडळीतल्या ‘यशस्वी उद्योजकांचा’ सत्कार ठेवला. सातपूरला ज्याचे स्वतःचे लहानसे युनिट होते आणि जो मोठ्या कारखान्यांची जॉबवर्कची कामे घेत असे, अशा एका तरुण बंधूला वेदीपुढे बोलावून मी माझ्या हाताने शाल घातली. त्याच्या यशामागे देवाचा हात आहे, असे मी माइकवर म्हणालो. पुढे तीनेक वर्षांत त्याची कामे बंद झाली. मशिनी विकाव्या लागल्या, गाडी गेली, कर्जाचे हप्ते थकले. हे उद्योगात होते, त्यात नवल नाही. नवल आणि दुःख याचे आहे की तो मंडळीपासून तुटला. आधी तो सकाळची उपासना सोडून संध्याकाळच्या उपासनेला येऊ लागला, मग शेवटच्या बाकावर चपलांच्या कपाटाजवळ बसू लागला, मग यायचा बंद झाला. मेनरोडला एकदा तो भेटला तेव्हा मी विचारले, ‘अरे, येत का नाहीस?’ तो म्हणाला, ‘काका, ज्याला तुम्ही शाल घातली होती तो माणूस आता राहिला नाही. मग कुठल्या तोंडाने येऊ?’

मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही, कारण त्याचा तर्क बरोबर होता. त्याच्या चालत्या मशिनींमागे देवाचा हात आहे असे मीच भर मंडळीत सांगितले होते. मग मशिनी थांबल्या तेव्हा देवाने हात काढून घेतला असेच त्याला वाटणार. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनी नेमकी हीच चूक केली, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावर रागावतो, ईयोबावर नाही. अलीकडे आपल्याकडे साक्षीच्या वेळेत, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सांगण्याच्या वेळेत, व्हिसा, फ्लॅट, नवी गाडी यांच्याच साक्षी अधिक ऐकू येतात. देणाऱ्यांची कृतज्ञता खरी असते हे मी जाणतो. पण ज्याचा व्हिसा नाकारला गेला तो त्याच बाकावर बसलेला असतो, आणि त्याची साक्ष कोणी मागत नाही. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाने राज्ये जिंकणाऱ्यांची नावे आहेत. त्याच अध्यायात पुढे, एकही नाव न देता, करवतीने चिरलेले, मेंढरांची कातडी पांघरून रानोमाळ फिरलेले लोक येतात, आणि लेखक म्हणतो की जग त्यांच्या योग्यतेचे नव्हते. गौरवशिळेवर पहिल्या भागातल्या लोकांसाठी जागा राहील. दुसऱ्या भागातल्यांचे काय?

हंगामाच्या उपकारस्तुतीचा दिवस अनावरणासाठी निवडला आहे, याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. तो आपल्या मंडळीचा सर्वांत आनंदाचा दिवस असतो. दिंडोरीची द्राक्षे, लासलगावकडचा कांदा, कोणाच्या गच्चीवरची चार वांगी, कोणाच्या घरची अंड्यांची परडी वेदीपुढे येते; मग लिलावात कोबीचा एक गड्डा हसतखेळत पाचशे रुपयांना जातो, आणि घेणारा तो शेजारणीला देऊन टाकतो. मला हा लिलाव आवडतो, कारण त्यात वस्तूची बाजारातली किंमत एक दिवस तरी हास्यास्पद ठरते. अशाच एका भरघोस हंगामाविषयी प्रभूने लूकच्या बाराव्या अध्यायात दाखला सांगितला आहे. त्या धनवान शेतकऱ्याने चोरी केली नव्हती, मजुरांची मजुरी बुडवल्याचेही तिथे लिहिलेले नाही. त्याच्या जमिनीला चांगले पीक आले, एवढेच. पीक कोठे ठेवावे म्हणून तो जुनी कोठारे मोडून मोठी बांधण्याचे ठरवतो आणि आपल्याच जिवाशी बोलत बसतो: माझे पीक, माझी कोठारे, माझा माल. त्या सगळ्या बोलण्यात दुसरे माणूस एकही नाही. त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो आणि प्रश्न विचारला जातो की, जे तू तयार करून ठेवलेस ते कोणाचे होईल? ज्या सणाला हा दाखला पुष्कळदा वाचला जातो, त्याच दिवशी हुद्दे आणि देणग्या कोरलेल्या दगडावरचा पडदा ओढायचा, यातली विसंगती पंचमंडळाच्या ध्यानात आली नसेल असे मला वाटत नाही. कदाचित कोणी बोलले नाही.

नाव टिकवण्याची धडपड किती दिवस चालते हे पाहायला नाशिककराला फार दूर जावे लागत नाही. शालिमार, द्वारका, सिडको, कोणत्याही चौकात उभे राहा. ‘भावी’ या विशेषणाने सुरू होणारे, हात जोडलेले हसरे चेहरे उन्हात महिन्याभरात फिके पडतात, आणि पुढे तेच फ्लेक्स कोणीतरी काढून नेतो व कांद्याच्या चाळीवर ताडपत्री म्हणून अंथरतो. आमच्या एका नातेवाइकाच्या चाळीवर गेल्या पावसाळ्यात अशा एका मान्यवरांचा चेहरा उलटा पसरलेला होता. कांदा मात्र कोरडा राहिला, म्हणजे फ्लेक्स अगदीच वाया गेला असे म्हणता येणार नाही. गंभीरपणे बोलायचे तर, दगडही फ्लेक्सहून फार वेगळा नाही, त्याला वेळ थोडा जास्त लागतो इतकेच. जुन्या ख्रिस्ती दफनभूमींतून पुनरुत्थानाच्या पहाटे आपण मेणबत्त्या घेऊन जातो तेव्हा ज्यांच्यावर आपण पाय जपून ठेवतो त्या शिळांवरही कधीकाळी कोणीतरी हुद्दे कोरले होते. आज शेवाळ खरवडल्याशिवाय ते वाचता येत नाहीत, आणि वाचले तरी तो हुद्दा कसला होता हे सांगणारा कोणी उरलेला नसतो.

याच शहराच्या ख्रिस्ती इतिहासातला एक माणूस मला या संदर्भात सारखा आठवतो, आणि आपल्या मुलांना आदर्शच द्यायचे असतील तर त्याच्यापासून सुरुवात करावी असे मला वाटते. आपली मंडळी शरणपूरइतकी जुनी नाही, पण शरणपूरचा वारसा आपलाही आहे. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ च्या सुमारास ती वसाहत वसवली. अरबी गलबतांवरून इंग्रजी आरमाराने सोडवलेल्या आफ्रिकन गुलाम मुलांना पुढे तिथे आणून ठेवत. त्यांना लिहायला, वाचायला आणि सुतारकी-लोहारकीसारखे धंदे करायला शिकवत. बाजारात विकल्या जाण्यासाठी पकडलेल्या, आईबाप हरवलेल्या मुलांपेक्षा यशाच्या शिडीवर खालची पायरी कोणती असेल हे मला सांगता येणार नाही. त्यांच्यातलाच एक जेकब वेनराइट. मिशनरी व संशोधक प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात असताना त्याच्याकडे जी मदत पाठवण्यात आली, तिच्यासोबत नाशिकची ही मुले गेली. १ मे १८७३ रोजी लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा त्याचे हृदय एका झाडाखाली पुरण्यात आले, जेकबने मृतांसाठीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर लिव्हिंग्स्टनचे नाव व तारीख कोरली. मग लिव्हिंग्स्टनचे जुने सेवक सुसी आणि चुमा यांच्या पुढाकाराने त्या लहानशा जथ्याने ते प्रेत हजार मैलांहून अधिक वाट चालत समुद्रकिनाऱ्याला आणले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत लिव्हिंग्स्टनचे दफन झाले त्या वेळी शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत जेकब होता. त्यानंतर तो आफ्रिकेत परतला आणि जगाच्या नजरेतून गेला. त्या अॅबीतल्या शिळेवर लिव्हिंग्स्टनचे नाव आजही लोक वाचतात. आपल्या शहरात शिकलेल्या जेकबचे नाव नाशिकच्या किती ख्रिस्ती मुलांना माहीत आहे, हे रविवारच्या शाळेत एकदा विचारून पाहावे. जेकबच्या हातून जे झाले ते मोठेच होते, पण ते दुसऱ्याचे ओझे वाहण्याचे होते, आणि अशा कामासाठी आपल्या नियोजित शिळेवर रकाना नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळक महाराष्ट्रात कवी म्हणून नावाजलेले असताना १९१७ साली मिशनच्या पगारी कामातून बाहेर पडले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. दोनच वर्षांत ते गेले. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या आणि १९३६ साली नाशिकमध्येच देह ठेवलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे शिक्षण शाळेत झालेच नाही, असे म्हटले तरी चालेल. पंचमंडळाच्या निकषांप्रमाणे ‘पदवी’ या रकान्यात त्यांच्या नावापुढे रेघ मारावी लागेल.

मला सर्वांत जास्त खटकतो तो देणगीचा आकडा. मंदिराच्या दानपेटीपाशी प्रभू बसला होता तेव्हा श्रीमंतांनी पुष्कळ टाकले, आणि एका विधवेने दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक किमतीची दोन नाणी, टाकल्या. तिने सर्वांहून जास्त टाकले असा हिशेब त्याने केला. आपल्या छताच्या वर्गणीत मंडळीची झाडलोट करणाऱ्या मावशींनी महिन्याला पन्नास रुपयांप्रमाणे दिले, ते खजिनदारांच्या वहीत मी पाहिले आहे. २५,००० च्या अटीमुळे त्या शिळेवर येणार नाहीत, आणि त्याच मावशी दर शनिवारी ती शिळा ओल्या फडक्याने पुसतील. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्याला ‘येथे चांगल्या जागी बसा’ आणि दरिद्र्याला ‘तू तेथे उभा राहा’ असे सांगणाऱ्या मंडळीला जो प्रश्न विचारला आहे, तो आपल्याला विचारला गेला तर आपण काय उत्तर देणार?

स्मरण राखावे की राखू नये, असा हा वादच नाही. बेथानीत जिने प्रभूच्या मस्तकावर सुगंधी तेलाची कुपी ओतली, तिच्याविषयी त्याने सांगितले की, जगात जेथे जेथे सुवार्ता गाजवली जाईल तेथे तेथे हिने केलेले हिच्या स्मरणार्थ सांगितले जाईल. आणि ते वचन लिहून ठेवणाऱ्या मार्काने तिचे नाव लिहिलेले नाही. काम आठवणीत राहिले, नाव देवाजवळ राहिले. तसेच, धनवान आणि लाजर यांच्या दाखल्यात नाव भिकाऱ्याला आहे, ज्याच्या दाराशी तो पडून होता त्याला नाही. आपण घातलेली व्यवस्था याच्या बरोबर उलटी आहे.

म्हणून पंचमंडळाला माझी नम्र विनंती अशी आहे. दगड आणलाच असेल तर तो वाया घालवू नये. त्याच्यावर मंडळीच्या स्थापनेचे वर्ष आणि ‘येथवर परमेश्वराने आम्हांस साहाय्य केले’ एवढेच कोरावे, आणि तो भिंतीवर न लावता दारापाशी, जिथे येणारा प्रत्येकजण चपला काढतो, तिथे बसवावा. देणगीदारांचा हिशेब वहीत चोख ठेवावा, लेखापरीक्षण व्हावे, वार्षिक सभेत तो वाचावा. त्याला माझा विरोध नाही, उलट आग्रह आहे. मुलांचे कौतुक करावे, दहावी-बारावीला पास झालेल्यांना पुस्तके द्यावीत, पण नापास झालेल्याच्या घरी त्याच आठवड्यात पाळकसाहेबांनी किंवा एखाद्या पंचाने चहाला जावे. सोनेरी अक्षरांसाठी जो खर्च धरला आहे तो यंदा ज्या दोन-तीन घरांतल्या मुलांची फी थकली आहे त्यांच्याकडे जावा. ती घरे कोणती हे स्त्री संघाला ठाऊक आहे, सूचनेत वाचण्याची गरज नाही.

आणि ज्या बंधूला मी शाल घातली होती त्याच्याकडे मी येत्या शनिवारी जाणार आहे. पाळकसाहेब बरोबर आले तर बरे होईल. पूर्वसूचना देऊ नये, नाहीतर तो घरी थांबणार नाही.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट राहते. माझ्या आईच्या नावाने मी छतासाठी ३०,००० रुपये दिले आहेत आणि कार्यालयातून मला नावाचे शुद्धलेखन तपासण्यासाठी कागद आला आहे. तो कागद मी सही न करता या पत्रासोबत परत करतो. रक्कम छतालाच लावावी. यंदाच्या पावसात वेदीच्या वरचा कोपरा पुन्हा गळला आहे, आणि पत्रे बदलण्याचे काम दिवाळीआधी सुरू झाले तर कामगार मिळतील. आई ७९ वर्षांची होऊन गेली. तिला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, ती अंगठा उठवत असे.

आपला ख्रिस्तातील बंधू,
मंडळीचा एक जुना सभासद
नाशिक